गोळी जिथे सुरू होते, तिथेच ती सुखरूप सुटण्याची सोय हवी
नैराश्यावरील औषधे घेणाऱ्यांचे आणि त्यांच्या कुटुंबीयांचे मागणीपत्र
प्रतापगड, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
जिल्हाधिकारी, गोंदिया
मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, गोंदिया

विषय : नैराश्यावरील औषधांचे दुष्परिणाम आणि ती कमी किंवा बंद करताना होणारा त्रास यांसाठी गावापासून जिल्ह्यापर्यंत निश्चित व्यवस्था उभारण्याबाबत.

महोदय,

प्रतापगड, गोठणगाव आणि आसपासच्या गावांतील, नैराश्यासाठी गोळ्या घेणाऱ्या माणसांची आणि त्यांच्या घरच्यांची ही संघटना आहे. आमच्यातले काही बरे होऊन कामाला लागले आहेत, काहींचे उपचार चालू आहेत. काहींनी गोळी मध्येच टाकली आणि त्याचे परिणाम अंगावर काढले. हे पत्र आम्ही सर्वांच्या वतीने, ठराव करून देत आहोत.

आम्ही औषधांच्या विरोधात नाही. या गोळ्यांमुळे आमच्यातली अनेक माणसे आज जिवंत आहेत. आमचे म्हणणे एवढेच आहे की गोळी सुरू करून देण्याची व्यवस्था आहे, पण ती घेत असताना होणारा त्रास ऐकणारी आणि ती सावकाश, सुरक्षितपणे कमी करून देणारी व्यवस्था नाही. तो भाग रोग्यावर आणि त्याच्या घरच्यांवर सोडलेला आहे. आम्ही पुष्कळ थांबलो. आता ही जबाबदारी यंत्रणेने घ्यावी.

या पत्रात आम्ही कोणत्याही डॉक्टरचे किंवा दवाखान्याचे नाव घेतलेले नाही. प्रश्न रचनेचा आहे आणि रचना बदलण्याचा अधिकार आपल्याकडे आहे.

त्रास खरा आहे

नैराश्यावरची गोळी अचानक बंद केली की दोन-तीन दिवसांत चक्कर, मळमळ, घाम, चिडचिड, भीती, झोप उडणे, भलतीसलती स्वप्ने आणि डोक्यात करंट बसल्यासारखे झटके सुरू होऊ शकतात. आमचे सदस्य हे सांगू लागले की त्यांना 'मनाचे खेळ आहेत' किंवा 'आजार उलटला' यांपैकी एक उत्तर मिळते. दोन्ही उत्तरे पुष्कळदा चुकीची असतात.

ही गोष्ट वैद्यकशास्त्राला नवी नाही. इमिप्रामिन हे या जातीच्या पहिल्या औषधांपैकी एक; ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस आले आणि ते थांबवल्यावर होणाऱ्या त्रासाच्या नोंदी थोड्याच काळात येऊ लागल्या. तरीही कित्येक दशके 'त्रास सौम्य असतो, आठवडाभरात जातो' असेच लिहिले गेले. २०१९ मध्ये ब्रिटनच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने आपली भूमिका बदलली. काहींना हा त्रास तीव्र होतो आणि लांबतो, हे त्यांनी मान्य केले. त्याच वर्षी तिथल्या नाइस या संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत तशी दुरुस्ती केली.

त्रास सर्वांना होत नाही, हेही आम्ही तितक्याच स्पष्टपणे नोंदवतो. 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ मध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणानुसार गोळी थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना काही ना काही लक्षणे जाणवली. पण नकली गोळी थांबवणाऱ्यांतही १७ टक्के लोकांनी तशी लक्षणे सांगितली. म्हणजे प्रत्यक्ष औषध सुटल्यामुळे त्रास होणारे साधारण सहा-सातांत एक, आणि तीव्र त्रास होणारे सुमारे ३५ जणांत एक. आम्ही आकडा फुगवणार नाही. पण त्या पस्तिसातल्या एकाला पंचवीस गावांत विचारायला कोणी नसेल, तर त्याच्यासाठी ही टक्केवारी निरुपयोगी आहे.

दुसरी बाजूही आकड्यांतच सांगतो. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ गोळी घेऊन बरे वाटत असलेल्या लोकांवर झालेली एक चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांची गोळी हळूहळू बंद केली, त्यांच्यातील ५६ टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला. ज्यांनी ती चालू ठेवली, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. गोळी सोडणे धोक्याचे असू शकते, आणि गोळी सोडलेल्यांपैकी ४४ टक्के वर्षभर ठीक राहिले, ही दोन्ही विधाने खरी आहेत. कोणी सोडावी, कोणी चालू ठेवावी, हे माणूस पाहूनच ठरवावे लागते. ते ठरवायला समोर डॉक्टर हवा. आज तो मिळत नाही म्हणून आमच्याकडे एक तर गोळी वर्षानुवर्षे विचार न करता चालू राहते, नाही तर एका दिवसात बंद होते.

कायद्याने दिलेले

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ प्रमाणे मानसिक आरोग्याची सेवा परवडणारी, पुरेशी आणि राहत्या ठिकाणाजवळ मिळाली पाहिजे, आणि रोग्याला त्यासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये. याच कलमानुसार अत्यावश्यक यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी ठिकाणी, सर्व काळ, मोफत उपलब्ध असली पाहिजेत. कलम २२ प्रमाणे उपचाराची माहिती, त्याच्या ज्ञात दुष्परिणामांसह, रोग्याला कळेल अशा भाषेत व स्वरूपात मिळणे हा त्याचा हक्क आहे. कलम ३१ ने सरकारी आरोग्य केंद्रांतील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आरोग्याचे मूलभूत व तातडीचे प्रशिक्षण देणे बंधनकारक केले आहे. तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय प्रमाणापर्यंत नेण्यासाठी त्याच कलमात दहा वर्षे दिली आहेत. ती मुदत मे २०२८ मध्ये संपते.

गोंदिया शहर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे, आमचा तालुका दक्षिण टोकाला. एका फेरीत दिवस जातो, त्या दिवसाची मजुरी जाते, आणि रोग्याबरोबर जाणाऱ्याचीही मजुरी जाते. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय त्याहून लांब. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले, याचे आम्ही स्वागत केले आहे. पण मोफत गोळीसाठी दोन माणसांची दिवसाची कमाई घालवावी लागत असेल, तर ती गोळी आम्हाला मोफत पडत नाही.

मागणी १ : चिठ्ठीबरोबर मराठी पत्रिका

आमच्यातल्या बहुतेकांना पहिली गोळी हातात पडली तेव्हा तिचे नाव माहीत नव्हते. 'झोपेची गोळी', 'ताकदीची गोळी' असे सांगून दिली गेली. या गोळ्यांचा फायदा दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा मात्र पहिल्या आठवड्यातच येतो. हे आधी सांगितले नाही, तर माणूस दहाव्या दिवशी पाकीट फेकून देतो आणि 'गोळीने माझे आणखी बिघडले' असे आयुष्यभर सांगत राहतो. त्याची चूक नाही. त्याच्या अनुभवापुरते ते खरेच होते.

नैराश्यावरील औषध देणाऱ्या प्रत्येक सरकारी केंद्राने एक पानी छापील पत्रिका द्यावी. तिच्यावर औषधाचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख, किती काळ अपेक्षित आहे, पहिल्या महिन्यात काय होऊ शकते, कोणत्या लक्षणाला त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, आणि 'स्वतःहून अचानक बंद करू नये' एवढे ठळक अक्षरांत असावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती वाचून दाखवावी. जिथे गोंडी किंवा हिंदी बोलली जाते, तिथे त्या भाषेत सांगावी. या मागणीला नवे पद लागत नाही, छपाईचा किरकोळ खर्च लागतो. मुदत : ४५ दिवस.

मागणी २ : पहिल्या महिन्यातली विचारपूस

गोळी सुरू झाल्यावर सातव्या आणि एकविसाव्या दिवशी आरोग्य केंद्रातून फोन व्हावा. रोगी २५ वर्षांखालील असेल तर पहिला महिनाभर दर आठवड्याला. या वयात सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी औषधाच्या माहितीपत्रकात ठळक इशारा बंधनकारक केला. तो इशारा आमच्या गावापर्यंत आलेला नाही. शिवाय गोळी सुरू झाल्यावर कोणी एकाएकी फार बोलू लागला, झोपेशिवाय राहू लागला, उधळपट्टी करू लागला, तर तो बरा होत नसून आजार दुसऱ्या टोकाला गेलेला असू शकतो. हे घरच्यांना माहीत असले पाहिजे, कारण रोगी स्वतः ते सांगत नाही.

आशाताईंची मदत घ्यावी, पण रोग्याच्या संमतीशिवाय त्याच्या आजाराचे नाव त्यांनाही सांगू नये. गाव लहान आहे. कलम २३ मधील गोपनीयतेचा हक्क इथे शहरापेक्षा जास्त जपावा लागतो.

मागणी ३ : आमच्या कामाला आणि उन्हाला धरून सल्ला

गोळ्यांचे दुष्परिणाम सांगताना माणूस काय काम करतो हे कोणी विचारत नाही. रोवणीच्या दिवसांत बाई सकाळपासून बांधीत वाकून असते. अॅमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळीने उठताना रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. चिखलात पडणे किरकोळ असेल, विहिरीच्या काठावर तसे नसते. एप्रिल-मेमध्ये तेंदूपाने तोडायला पहाटे जंगलात गेलेल्या माणसाला त्याच गोळीने तोंडाला कोरड पडते, घाम नीट येत नाही आणि ऊन लागण्याचा धोका वाढतो. दुसऱ्या काही गोळ्यांनी उलट घाम फार येतो. म्हाताऱ्या माणसांच्या रक्तातले सोडियम उतरू शकते आणि त्याने ती भ्रमिष्टासारखी वागू लागतात. घरचे म्हणतात, 'वयामुळे भरकटतात.'

अंगदुखीच्या गोळ्यांचा प्रश्न तर वर्षभराचा आहे. रोवणी असो की कापणी, कंबर दुखली की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून घेणे ही रोजची गोष्ट. फ्लुओक्झेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम या नैराश्यावरील गोळ्यांबरोबर त्या घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमॅडॉलबरोबर तर ताप, थरथर आणि भ्रम होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. मोहाच्या दारूबाबतही सल्ला अपुराच असतो. ती सोडा असे सर्वच सांगतात, ती गोळीबरोबर काय करते हे कोणी सांगत नाही.

म्हणून मागणी अशी की उन्हाळा सुरू होण्यापूर्वी आणि रोवणीपूर्वी, म्हणजे मार्च आणि जूनमध्ये, गोळी घेणाऱ्या प्रत्येकाची एक तपासणी व्हावी. तिच्यात रक्तदाब बसून आणि उभा राहून घ्यावा, दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारावे, साठीपुढच्यांचे सोडियम तपासावे. गरज असेल तिथे गोळीची वेळ बदलावी. हे काम वैद्यकीय अधिकारी आणि सिस्टर यांच्या आवाक्यातले आहे.

मागणी ४ : जे विचारले जात नाही तेही विचारावे

यांतल्या अनेक गोळ्यांनी लैंगिक इच्छा आणि क्षमता कमी होते. पुरुष ते दारूच्या माथी मारतात, बायका गप्प राहतात आणि संशयावरून घरे मोडायला येतात. गोळी मध्येच टाकण्याचे हे एक मोठे कारण आहे आणि ते कोणाच्याही केसपेपरवर लिहिलेले नसते. प्रत्येक तपासणीत हा प्रश्न एकांतात, सरळ शब्दांत विचारला जावा. स्त्रियांना स्त्री कर्मचाऱ्याने विचारावा. मात्रा किंवा औषध बदलून यावर उपाय होऊ शकतो, हे सांगावे.

मागणी ५ : जोडगोळीबाबत स्पष्ट नियम

खासगीत आमच्याकडे सर्रास दिली जाते ती एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी. क्लोनाझेपामची सवय लागते. काही आठवड्यांपलीकडे ती रोज घेऊन एकदम थांबवली तर फिटसुद्धा येऊ शकते. एकाच गोळीत दोन औषधे असली की एक कमी करून दुसरे चालू ठेवता येत नाही. माणूस 'नैराश्याची गोळी' बंद करतो आणि त्याच्या नकळत दोन औषधे एकाच दिवशी सुटतात.

सरकारी केंद्रांत अशी जोडगोळी देऊ नये. बाहेरून ती घेत आलेल्या रोग्याला दोन्ही औषधे सुटी करून द्यावीत आणि क्लोनाझेपाम वेगळ्या वेळापत्रकाने, सावकाश कमी करावे. खासगी डॉक्टर आणि औषध विक्रेत्यांसाठी जिल्हा पातळीवरून लेखी सूचना काढावी. पाकिटाचा तुकडा कापून देताना औषधाचे नाव आणि मुदत असलेला भाग रोग्याकडे राहील, एवढे तरी मेडिकलवाल्यांना बंधनकारक करावे.

मागणी ६ : गोळी कमी करण्याचा दवाखाना

ही आमची मुख्य मागणी आहे. बाकी एकही मान्य झाली नाही तरी ही झाली पाहिजे.

मात्रा निम्मी केली म्हणजे मेंदूवरचा परिणाम निम्मा होतो असे नाही. कमी मात्रेतच औषधाचा बराचसा परिणाम झालेला असतो. त्यामुळे २० वरून १० मिलिग्रॅमवर येणे पुष्कळदा सोपे जाते आणि ५ वरून शून्यावर येणे अवघड. विहिरीच्या पायऱ्यांतली शेवटची पायरीच सर्वांत उंच असावी, तसे हे आहे. २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त हॉरोविट्झ आणि टेलर या संशोधकांनी हेच मांडले. शेवटचे टप्पे लहान लहान करावेत आणि काहींना आठवडे नव्हे तर महिने द्यावेत, असे त्यांचे म्हणणे. आमच्याकडे मात्र 'एक दिवसाआड घ्या, मग सोडून द्या' हा सल्ला चालतो. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांसारखी औषधे शरीरातून लवकर जातात. ती एक दिवसाआड घेणे म्हणजे माणसाला दर दुसऱ्या दिवशी सोडण्याचा त्रास देणे. फ्लुओक्झेटिन शरीरात बरेच दिवस राहते, म्हणून तिथे त्रास सहसा कमी आणि उशिरा होतो. प्रत्येक औषधाचे वेळापत्रक वेगळे असते. ते ठरवायला जाणता माणूस लागतो.

आमची मागणी अशी : तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून दोन ठरलेल्या दिवशी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक यावे. त्यातला एक दिवस गोळी कमी करू इच्छिणाऱ्यांसाठी राखावा. त्या दिवशी रोगी, घरचा एक माणूस आणि डॉक्टर मिळून लेखी वेळापत्रक करावे. मात्रा उतरवल्यावर दोन आठवड्यांच्या आत विचारपूस व्हावी. त्रास झाला तर मागच्या मात्रेवर परत जाण्याची मोकळीक वेळापत्रकातच लिहिलेली असावी, म्हणजे माणसाला हरल्यासारखे वाटणार नाही. रोवणी, कापणी, घरातले लग्न किंवा मृत्यू अशा काळात मात्रा उतरवू नये.

यासाठी लहान मात्रा लागतात. एस्सिटॅलोप्रॅमच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या, फ्लुओक्झेटिनच्या १० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल आणि जिथे मिळते तिथे पातळ औषध, एवढे ग्रामीण रुग्णालयात ठेवावे. कॅप्सूल मोडून अर्धी होत नाही, आणि हळूहळू विरघळणारी गोळी कुटून घेणे धोक्याचे असते. लहान मात्रा ठेवल्याच नाहीत, तर सावकाश कमी करा हा सल्ला पाळता येत नाही. मुदत : ९० दिवस.

मागणी ७ : 'आजार उलटला' म्हणण्यापूर्वी तपासावे

गोळी सुटल्याचा त्रास बहुधा काही दिवसांतच सुरू होतो. त्यात चक्कर, करंटचे झटके अशी पूर्वीच्या आजारात नसलेली लक्षणे असतात आणि गोळी परत घेतली की तो पटकन निवतो. आजार उलटतो तो बहुधा सावकाश, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. हा फरक न पाहता मात्रा दुप्पट करणे किंवा 'आता आयुष्यभर घ्यावी लागेल' असे सांगणे अन्यायाचे आहे. उलट, खराच उलटलेला आजार 'गोळी सोडल्याचा त्रास' समजून अंगावर काढणेही जिवावर बेतू शकते. म्हणून हा फरक ओळखण्याचे प्रशिक्षण तालुक्यातील सर्व प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना सहा महिन्यांत द्यावे. कलम ३१ मध्ये हे अपेक्षितच आहे.

मागणी ८ : साठा संपणे म्हणजे सक्तीने गोळी सोडवणे

आमच्या सदस्यांपैकी अनेकांनी गोळी स्वतःहून सोडली नाही. ती संपली होती. 'पुढच्या आठवड्यात या' हे वाक्य तापाच्या गोळीसाठी चालेल. नैराश्याच्या गोळीसाठी तो एक आठवडा म्हणजे वर सांगितलेला सगळा त्रास.

एस्सिटॅलोप्रॅम, फ्लुओक्झेटिन आणि अॅमिट्रिप्टिलिन ही औषधे केंद्राच्या अत्यावश्यक औषध यादीत आहेत. त्यांचा किमान ६० दिवसांचा राखीव साठा ग्रामीण रुग्णालयात असावा. साठा १५ दिवसांवर आला की वर कळवणे बंधनकारक असावे. तरीही संपला तर ४८ तासांत स्थानिक खरेदी व्हावी. संपलेल्या औषधाऐवजी दुसरे औषध देण्याचा निर्णय औषध वाटप खिडकीवर होऊ नये, डॉक्टरने करावा.

कापणी, चुरणे आटोपले की आमची माणसे कामासाठी नागपूरला, हैदराबादला, आणखी लांब जातात. एका महिन्याच्या गोळ्या त्यांना पुरत नाहीत. स्थिर रोग्याला ९० दिवसांच्या गोळ्या आणि देशातल्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात दाखवता येईल अशी चिठ्ठी द्यावी. एक अट आम्हीच घालतो. ज्याच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आहेत त्याला, आणि अॅमिट्रिप्टिलिनसारखे जास्त घेतल्यास घातक ठरणारे औषध असेल तिथे, एकावेळी थोड्याच गोळ्या द्याव्यात आणि त्या घरच्या माणसाकडे द्याव्यात. मुदत : ६० दिवस.

मागणी ९ : गर्भवती आणि बाळंतिणी

दिवस राहिल्याचे कळले की गोळी त्याच दिवशी बंद होते. कधी सासू बंद करते, कधी मेडिकलवाला, कधी आरोग्य कर्मचारी. हेतू चांगला असतो. पण अचानक बंद केल्याचा त्रास आणि उलटलेला आजार हे दोन्ही आईला आणि बाळाला घातक ठरू शकतात. काही औषधे बदलावी लागतात, काही चालू ठेवता येतात. गोळी घेणाऱ्या प्रत्येक गर्भवतीला नोंदणीपासून सात दिवसांत, गरज असल्यास व्हिडिओवरून, मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला मिळावा आणि तोवर कोणीही गोळी बंद करू नये, असा लेखी आदेश निघावा. यासाठी खर्च नाही. मुदत : ३० दिवस.

मागणी १० : फोनची सोय आणि दुष्परिणामांची नोंद

टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून देशभर सुरू आहे. ती उपयोगी आहे. रात्री दोन वाजता घाबरलेल्या माणसाला आवाज मिळतो. पण गोळी कमी करण्याचे वेळापत्रक सांभाळायला दर वेळी तोच जाणता माणूस लागतो. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दुपार, दार बंद करता येईल अशा खोलीत, जिल्ह्याच्या पथकाशी व्हिडिओवर बोलण्याची सोय करावी. जंगलाकाठच्या अनेक गावांत फोनला रेंज नसते. तिथल्या लोकांसाठी ही खोलीच आधार ठरेल.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्यासाठी देशात २०१० पासून औषधदक्षता कार्यक्रम चालतो आणि त्याचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. रोगी स्वतःही तक्रार नोंदवू शकतो. हा क्रमांक प्रत्येक सरकारी केंद्रात आणि प्रत्येक मेडिकलमध्ये मराठीत लावावा. महाशिवरात्रीला प्रतापगडला महादेवाच्या आणि दर्ग्याच्या दर्शनासाठी मोठी गर्दी लोटते. त्या यात्रेत आरोग्य विभागाच्या मांडवात ही माहिती दिली, तर ती एका दिवसात अनेक तालुक्यांत पोचेल.

अंमलबजावणी

यांतल्या बहुतेक मागण्यांना नवी इमारत लागत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे. त्यात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवा कार्यकर्ता आणि परिचारिका यांची तरतूद आहे. जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वेळापत्रक, साठा, छपाई आणि प्रशिक्षण एवढ्याच गोष्टी नव्याने कराव्या लागतील. पद रिकामे असल्यास ते कधी भरणार याची तारीख आम्हाला हवी. 'प्रयत्न चालू आहेत' हे उत्तर आम्ही स्वीकारणार नाही.

तालुका पातळीवर एक समिती नेमावी. तिच्यात औषध घेणाऱ्यांपैकी एक आणि कुटुंबीयांपैकी एक प्रतिनिधी असावा. दर तीन महिन्यांनी चार आकडे जाहीर व्हावेत : किती जणांना गोळी सुरू झाली, किती जणांची पहिल्या महिन्यात विचारपूस झाली, किती जण वेळापत्रकाने गोळी कमी करत आहेत, आणि कोणते औषध किती दिवस संपलेले होते. नावे कुठेही येऊ नयेत.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रत्येक मागणीवर 'मान्य' किंवा 'अमान्य', अमान्य असल्यास कारण, आणि मान्य असल्यास जबाबदार अधिकाऱ्याचे पद व तारीख, असे लेखी उत्तर मराठीत मिळावे. मिळाले नाही तर कलम २८ प्रमाणे सेवेतील त्रुटींची तक्रार आधी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे आणि नंतर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे आम्ही सदस्यनिहाय दाखल करू. ग्रामसभांचे ठराव सोबत जोडू. चर्चेला बोलावल्यास आम्ही कोणत्याही दिवशी येऊ. फक्त बैठक अर्जुनी मोरगावला घ्यावी, म्हणजे ज्यांचा प्रश्न आहे त्यांना हजर राहता येईल.

हे पत्र गावात वाचले जाईल, म्हणून सदस्यांसाठी आणि इतर वाचणाऱ्यांसाठी एक सूचना यातच देत आहोत. या मागण्या मान्य होईपर्यंत किंवा नंतरही, कोणीही आपली गोळी स्वतःहून बंद करू नये, मात्राही कमी करू नये. त्रास होत असेल, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटत असेल, तर त्याच वेळी घरच्या माणसाला सांगावे आणि १४४१६ वर फोन करावा.

औषध घेणाऱ्यांच्या व कुटुंबीयांच्या संघटनेच्या वतीने,
प्रतापगड, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया